कोपऱ्यातली जळकी हरळी

ता. ४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

हे गेल्याला आज पंचवीस दिवस झाले.

सकाळी सडा टाकायला दार उघडलं तर हिरवळीवर तीन कुत्रे. दोन मला पाहून गेटाखालून पळाले. तिसरं बदामी रंगाचं, एक कान फाटका. ते पळालं नाही. यांची खुर्ची राहायची त्या कोपऱ्यात सावकाश गेलं, खाली बसल्यासारखं झालं, मुतलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग गेलं. झाडू माझ्या हातात होता. उचलला नाही. का ते कळलं नाही.

यांनी जन्मभर मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगच्या गेस्टहाऊसची बाग सांभाळली. रिटायर झाल्यावर म्हणाले, "दुसऱ्याच्या लॉनले लय पाणी टाकलं, आता एक आपलं." दारापुढे बारा बाय दहाची जागा. मला तिथं मेथी, भाजीवर चिरून घालायचा सांबार लावायचा होता. मी म्हटलं, गवत काय शिजवून खायचं? तर म्हणाले, तुझ्या गणपतीला दूर्वा होतील. देवाचं नाव काढलं, मग मी काय बोलणार. सात वर्षं मी तिथलीच दूर्वा वाहिली.

आता त्या दूर्वेवर कुत्रे मुततात. ताटाएवढे पिवळे चट्टे पडलेत. कोपरा तर पार जळाला.

संध्याकाळी दत्ताच्या फोटोला फूल वाहिलं. यंदा सण नाही, पण फूल चालतं. फोटोत देवाच्या पायाशी चार कुत्रे. त्यांच्याशी नजर मिळवता आली नाही. फोटोतल्यांना नमस्कार करायचा आणि दारातल्यांना झाडू दाखवायचा.

आजवर वहीत किराणा आणि दूध सोडून काही लिहिलं नाही. हे लिहिते, कारण बोलायला घरात कोणी नाही.

ता. ६ डिसेंबर, शनिवार

गल्लीत सगळ्यांच्या गेटाशी लाल पाण्याच्या बाटल्या आहेत. लाल रंगाला कुत्रे भितात म्हणतात. रंग विकत आणायचा जीव झाला नाही. दसऱ्याला आणलेला कुंकवाचा पुडा तसाच पडून होता. देवीपुरतं काढून ठेवलं, बाकीचं पाच बाटल्यांत कालवलं. आता ते माझ्या काय कामाचं.

हात धुतले तरी दुपारपर्यंत लालच होते. समोरची शबाना पिको केलेली साडी द्यायला आली. तिनं आधी हात पाहिले, मग बाटल्या पाहिल्या. म्हणाली, "काकू, तुमच्या तं निळ्या होत्या न पहिले?"

हाव, होत्या. भादव्यात लावल्या होत्या, नीळ टाकून. तेव्हाही कोपरा असाच जळत होता. हे म्हणाले, कुत्रेच असतील. बाटल्या यांनीच भरल्या, यांनीच ओळीनं मांडल्या, दोरी बांधली. मी दारात उभी राहून डावी-उजवी सांगत होते.

त्या बाटल्या मी दसऱ्यानंतर भंगारात दिल्या. का दिल्या ते आज लिहवत नाही.

ता. ९ डिसेंबर, मंगळवार

बाटल्यांचा काही उपयोग नाही. बदामी कुत्रं आज दोन बाटल्यांच्या मधोमध ऊन खात पडलं होतं. फिनाईल टाकलं, चुन्याची रेघ मारली. चुन्यानं गवत आणखी करपलं.

गजेंद्रचा पुण्याहून फोन आला. मी चट्ट्यांचं सांगितलं. म्हणाला, "आई, आता कोन पाहते त्या गवताकडे? काढून टाकू. पेव्हर ब्लॉक बसवू, झाडलं की झालं. संक्रांतीले येतो मी."

"अन् कुत्रं?"

"ते गाडीत टाकून राजूर घाटात सोडून देऊ. तिकडून काही येत नाई ते वापस."

मी बरं म्हटलं.

ता. १३ डिसेंबर, शनिवार

मी चार दिवस घड्याळ लावून पाहिलं. बाकीचे कुत्रे कधीही येतात, कधीही जातात. बदामी मात्र दोनदा येतं. पहाटे सडा टाकायच्या आधी, आणि संध्याकाळी साडेपाचला. साडेपाचला हे खुर्ची मांडायचे. ते कोपऱ्यात बसतं आणि दाराकडे तोंड करून पाहत राहतं. मी पडद्याआडून पाहते. दिवा लावायची वेळ झाली की उठून जातं. हेसुद्धा दिवा लागला की उठायचे.

जे कोणाला सांगितलं नाही ते आता लिहितेच.

आमच्यात दहाव्याच्या आदल्या रात्री माणूस जिथं गेला तिथं जमीन सारवून दिवा ठेवतात, दिव्यावर टोपलं पालथं घालतात आणि भोवती ज्वारीचं पीठ चाळून पसरतात. मागचं दार रात्रभर उघडं ठेवायचं, म्हणजे येणाऱ्याला अडचण नको. त्या खोलीत कोणी झोपत नाही. सकाळी घरातला वडील माणूस पाहतो की पिठावर कशाचा पाय उठला. ज्याचा पाय, त्या जन्माला जीव गेला.

वडील माणूस म्हणजे यांचे चुलते, पुंजाजीकाका. त्यांनीच पहायचं होतं. पण मला धीर निघाला नाही. सगळे उठायच्या आत मी गेले. टोपल्याच्या डाव्या अंगाला पाय उठला होता. एक नाही, चार. स्वच्छ. कुत्र्याचे.

मी पदरानं तीन पुसले. चौथ्याला दोन बोटांनी मधोमध चीर पाडली, गाईच्या खुरासारखी. मग काकांना उठवलं.

काकांना मोतीबिंदू आहे. वाकून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. म्हणाले, "गोविंदा गाईच्या जन्माले गेला, सिंधू. भाग्य लागते याले." सगळ्या गल्लीत झालं. गजेंद्रनं गोरक्षणात चाऱ्याची गाडी टाकली. बायका मला म्हणाल्या, तुमची पुण्याई. मी मान हलवली.

ता. १९ डिसेंबर, शुक्रवार

सहा दिवस वही उघडली नाही. अर्धं सांगून देवापुढे बसवत नाही, म्हणून उरलेलं लिहिते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी दूर्वा खुडायला बाहेर आले. कोपऱ्यात हे उभे. एक हात भिंतीला, पायजमा ओला. यांना वर्षभरापासून लघवीचा त्रास होता, धीर धरता यायचा नाही. संडास घराच्या पार मागे. तिथवर पोचणं होत नसेल. पण मला हे काही सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं, कुत्रे आहेत.

माझ्या हातात परडी होती. मी शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, देवाला तर ठाऊकच आहे. "कुत्र्यावानी कुठी बी करता, लाज नाई वाटत? इथली दूर्वा मी देवाले वाह्यते. मराल तं कुत्र्याच्याच जन्माले जासान."

हे म्हणाले, "बरं."

एवढंच. मग आत जाऊन झारी आणली आणि कोपरा धुतला. मी पाहत होते. मी झारी हातातून घेतली नाही.

त्यानंतर हे कोपऱ्याकडे गेले नाहीत. पाणी पिणंही कमी केलं. दिवसाला एक गिलास. मी म्हटलं थंडी सुरू झाली, तहान लागत नसेल. पंधरा दिवसांत कोपरा हिरवा झाला. मला बरं वाटलं होतं. तेही लिहून ठेवते, की मला बरं वाटलं होतं.

मग ताप आला, पोट फुगलं, बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, लघवी किती दिवसांपासून अडली? मी म्हटलं, चार दिवस. हे खाटेवरून माझ्याकडे पाहत होते. दसऱ्यापासूनचं मी सांगितलंच नाही. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्या, घरी न्या.

यांचे बारीकसारीक दोष मी जन्मभर बोलून दाखवले. पण शाप म्हणून तोंडातून एकच निघाला, आणि तोच फळला.

ता. २७ डिसेंबर, शनिवार

बाटल्या काढल्या. कुंकवाचं पाणी असं कुठंही ओतता येत नाही, तुळशीला घातलं.

आता पहाटे पहिली भाकर त्याची. दूध घालून कुस्करते, जर्मनच्या ताटलीत ठेवते. पहिल्या दिवशी खाल्लं नाही, वास घेऊन दाराकडेच पाहत बसलं. दुसऱ्या दिवशी खाल्लं. यांनाही शिळं आवडायचं नाही, ताजी भाकर लागायची. मी ताजी केली म्हणून खाल्लं असेल.

कोपऱ्यात त्याचं ते सुरू आहे. मी पाहून न पाहिल्यासारखं करते. झाल्यावर झारीनं पाणी टाकते.

आज शबाना गेटाशी उभी राहून हसली. "काकू, कुत्र्याले 'अहो' म्हणता?"

मला कळलंच नाही मी मोठ्यानं म्हटलं ते. मी म्हटलं, "जीभ वळली. पन्नास वर्षांची सवय आहे."

"पन्नास कशी होईल? लगन तं तुमचं चाळीसच साल झालं न."

"तेच ते. तू तुझी मशीन चालव."

ती गेली. मी हसले थोडी. घरात हसायचा आवाज ओळखीचा वाटला नाही.

ता. ६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी

आज उपवास. दूर्वा वरच्या अंगाच्या वाफ्यातून घेतली, जिथं कुत्रे जात नाहीत, आणि गोमूत्र शिंपडून धुतली. गाईचं चालतं, कुत्र्याचं चालत नाही, असं मनात आलं. लगेच कान पकडले. पण आलं हे खरं.

संध्याकाळी साडेपाचला मी यांची खुर्ची बाहेर काढली. पहिल्यांदाच. मी तिच्यावर बसले नाही, खाली गवतावर बसले. ते कोपऱ्यातच होतं. गल्लीत कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "मी बोलली ते चुकलं माझं. दूर्वा काय, बाजारात दहा रुपयाले जुडी भेटते. तुमचं दुखत होतं, मले कळाले पाह्यजे होतं. डॉक्टरपाशी खोटं बोलली, पिठापाशी बी खोटं बोलली. आता या जन्मात जे सोसता ते माझ्यापायी. मले माफ करा."

त्यानं फाटका कान हलवला. मग पुढचे पाय लांब करून त्यावर डोकं ठेवलं आणि मोठा श्वास सोडला. यांची हीच रीत. माझं बोलणं पटलं की वाद घालायचे नाहीत, नुसता श्वास सोडायचे.

रात्री चंद्र पाहून उपवास सोडला. दोन महिन्यांत पहिल्यांदा सकाळपर्यंत झोप लागली.

ता. ११ जानेवारी, रविवार

पुंजाजीकाका आले होते, उसाचं गुऱ्हाळ लागलं म्हणून काकवी घेऊन. मी डोक्यावर पदर घेऊन चहा दिला. म्हणाले, "गोरक्षणात एक कपिला गाय नवी आली, सिंधू. मी जवळ गेलो तं माह्या हाताले चाटलं तिनं. सोडेच ना. मी समजलो."

समोर हिरवळीवर ते पडलं होतं. काकांनी काठी उगारली, "हाड, बे!" मी एकदम काठी धरली. चुलतसासऱ्याची काठी. उभ्या जन्मात असं केलं नव्हतं.

"राहू द्या, काका."

काकांनी काठी खाली टेकवली. म्हणाले, "लय दिवस एकटी राहू नको. गजूकडे जाय." मी हो म्हटलं.

परवा गजेंद्र येणार. ब्लॉकवाल्याला त्यानं फोनवरच पैसे टाकून दिलेत. मी त्याला दोनदा फोन लावला आणि काय सांगावं ते न सुचून तब्येतीचं विचारून ठेवला.

ता. १४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

यंदा वाण नाही, हळदीकुंकू नाही. शेजारच्या बायका नटून गेल्या-आल्या, माझ्या गेटापाशी आवाज कमी करून.

गजेंद्र काल रात्री आला. आज अकराला ब्लॉकची ट्रॉली आली आणि ती भिंतीच्या बाहेर उतरवून ठेवली. खोदायचं उद्यावर. संध्याकाळी साडेपाचला बदामी कुत्रं आपल्या वेळेवर आलं. गजेंद्रनं दोन माणसं बोलावून ठेवली होती. एकानं बिस्किट दाखवलं, दुसऱ्यानं गळ्यात दोर टाकला. ते ओरडलंही नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी जाऊन मध्ये उभी राहिले.

"आई, तू काऊन आडवी येऊन राह्यली?"

"घाटात थंडी हाये. बिबटे हायेत तिकडे."

"मंग? तूच तं म्हने गवत जाळते."

"जळू दे."

"आता लॉनच नाई ठेवायचं आपल्याले. ब्लॉकवर कुत्रं कायले येईल?"

"येईल. ते इथंच येईल. दोर सोड त्याचा."

माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. गजेंद्रला लाज वाटली असेल. हळू आवाजात म्हणाला, "आई, तुले बरं नाई वाटून राह्यलं का?"

तेवढ्यात शबाना रस्ता ओलांडून आली. "गजूभाऊ, काऊन सोडता बिचारीले? म्हातारी झाली ते. माही नाजिश पहिलीत होती तवापासून हाये गल्लीत. आता नववीत गेली पोरगी."

"कोण म्हातारी?" मी विचारलं.

"हेच. कुतिया हाये न काकू ते. तुमाले मालूम नाई?" शबाना हसायला लागली. "तुमच्याच मांगच्या न्हाणीपाशी पिल्लं देल्ले होते तिनं. काका कागदात शिरा बांधून नेऊन देत. बाळंतीण म्हणत तिले. अन् थंडीत तं रोज तुम्ही झोपल्या की काका मांगचं दार लोटून आत घेत. खाटेखाली निजे. पहाटं तुम्ही उठाच्या आंधी बाहेर. मले म्हणत, शबाना, तुया काकूले सांगजो नोको, घर डोक्यावर घेईल."

ती यांची आठवण म्हणून कौतुकानं सांगत होती. मी गेटाचा दांडा धरला.

गजेंद्रनं दोर सोडायला सांगितलं. कुत्री गेली नाही. तिथंच कोपऱ्यात जाऊन बसली, दाराकडे तोंड करून.

ता. १५ जानेवारी, गुरुवार

हे गेले नऊ नोव्हेंबरला. ती तेव्हाच आठ-नऊ वर्षांची होती. एवढं साधं गणित. महिन्याच्या किराण्यात चार आण्याचा फरक निघाला तरी मी दुकानदाराला बिल परत पाठवते, आणि हे मला महिनाभर सुचलं नाही.

पिठावर मग पाय कोणाचा उठला, देव जाणे. ते मी आता विचारत नाही. मला दुसरंच लागून राहिलं आहे. अंगारकीला मी माफी मागितली ती कोणाजवळ? माझं सगळं बोलणं एका मुक्या कुत्रीनं ऐकलं, आणि ती भाकरीची वाट पाहत होती. यांनी काहीच ऐकलं नाही. यांच्याकडे अजून तसंच पोचलेलं आहे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बोलले तसं. त्यानंतर काही नाही.

सकाळी गजेंद्र बाहेर चहा घेऊन बसला होता, खोदणाऱ्यांची वाट पाहत. मी माझा कप घेऊन त्याच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. दूर्वा, ओला पायजमा, मी काय बोलले, झारी, एक गिलास पाणी, डॉक्टर, पीठ. क्रम चुकला नाही. रडले नाही. यांच्या शब्दासकट सांगितलं, 'बरं' म्हणाले ते.

तो ब्लॉकच्या ढिगाकडे पाहत होता. मला वाटलं, आता उठून जाईल. गेला असता तरी माझं म्हणणं नव्हतं.

म्हणाला, "पाणी तुह्यामुळे नाई सोडलं त्यायनं."

मला कळलं नाही.

"मले फोन आल्ता बाबाचा. दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांनी. म्हने, गजू, लघवीचा लय त्रास हाये, आईले सांगू नोको, एखांदा डॉक्टर पाह्य पुण्याले, येतो मी. मी ऑफिसात होतो. घाईत होतो." त्यानं कप खाली ठेवला. "मी म्हटलं, बाबा, या वयात होतच असते. पाणी कमी पेत जा. बरं म्हने."

"बरं म्हणाले?"

"हाव. बरं म्हने. अन् ठेवला फोन."

खोदणारे दोघं फावडी घेऊन गेटाशी आले. एकानं विचारलं, सुरू करायचं का? गजेंद्रनं मान हलवली की नाही ते त्यांना कळलं नाही, मलाही नाही. ते तिथंच भिंतीला टेकून बसले.

तुझा दोष नाही, असं मी त्याला म्हणायला पाहिजे होतं. आई आहे. शब्द तोंडात आलाही होता. पण तो खोटा झाला असता, आणि खोटं मी दोनदा बोलून चुकले आहे. त्यानंही मला तसं म्हटलं नाही.

दोन्ही कप निवून गेले. मी दोन्ही मोरीत ओतले आणि नवा चहा टाकला, साखर दूध सगळं नवं. त्याचा त्याला दिला, माझा मी घेतला.